न्यानबाईंचं अक्षर

खिएम लाम यांची पाचवी श्राद्धतिथी यंदा रविवारी आली, हे सगळ्यांच्याच पथ्यावर पडलं. तिथी चालते चंद्रावर, सुट्ट्या चालतात अमेरिकेवर, आणि दोघांचं जुळणं लॉस एंजेलिसजवळच्या आमच्या बोल्सा वस्तीतल्या सासू-सुनांच्या जुळण्याइतकंच क्वचित. गेल्या वर्षी ती बुधवारी आली होती, तेव्हा क्वांगने औषधांचं दुकान दुपारी दोन तास बंद ठेवलं, नैवेद्य दाखवला आणि सगळे डबे भरून आपापल्या कामाला पळाले. या वेळी कुणालाच कुठे जायचं नव्हतं. तुयेतला नंतर वाटलं, बुधवारच असता तर बरं झालं असतं.

तुयेत ही क्वांगची बायको, म्हणजे खिएम लामांची एकुलती सून. ती सकाळी सहापासून गॅरेजमध्ये उभी होती. घरातलं स्वयंपाकघर आमच्याकडे पाहुण्यांना दाखवायला असतं. खरा स्वयंपाक गॅरेजमधल्या दुसऱ्या शेगडीवर होतो, नाहीतर माशाच्या सॉसचा वास पडद्यांतून जन्मभर जात नाही. एका पातेल्यात नारळपाण्यात मांस आणि अंडी रटरटत होती, दुसऱ्यात भरली कारली. सासरे हयात असताना कारल्यात मीठ कमी म्हणायचे, आता म्हणत नव्हते, पण तुयेत अजून चिमूटभर जास्तच घालायची.

अकरा वाजता क्वांगने वडिलांच्या तसबिरीपुढे उदबत्त्या लावल्या. भाताचा वाडगा, जेवायच्या काड्या, आटवलेल्या दुधाची कडक कॉफी, सगळं मांडून झालं. आता उदबत्ती पुरती विझेपर्यंत जिवंत माणसांनी शिजवलेल्याला तोंड लावायचं नाही. आधी गेलेले जेवतात, मग उरलेले. न्यानबाई, म्हणजे क्वांगची आई, तसबिरीसमोरच्या खुर्चीत नेहमीसारख्या ताठ बसल्या. शहात्तर वर्षांच्या होत्या. तिकडे सायगावजवळच्या मी-थो गावात त्यांनी चौदा वर्षं तिसरीचा वर्ग शिकवला होता, आणि इथे येऊन सदतीस वर्षं झाली तरी अर्धं बोल्सा त्यांना ‘बाई’ म्हणूनच हाक मारायचं.

उदबत्ती विझायला पाऊण तास लागतो. एरवी हा पाऊण तास चेष्टामस्करीत जातो, आणि चेष्टा करण्यात क्वांगची धाकटी बहीण थोआ सगळ्यांत पुढे. आज ती आल्यापासून गप्प होती. पपनसांची पेटी ठेवली, वडिलांना तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि गॅरेजमध्ये येऊन काही न विचारता उरलेली अंडी सोलायला बसली. टीव्हीवर मोठमोठ्या लोकांना घाम फोडणारी बाई मान खाली घालून अंडी सोलतेय म्हटल्यावर तुयेतला शंका आलीच.

“वन्सं, काय झालंय?” तिने विचारलं.

“दादाला बोलाव जरा,” थोआ म्हणाली. “आईला कळू देऊ नको.”

तुयेत नणंदेला ‘वन्सं’ म्हणायची ते निम्मं मानाने आणि निम्मं रागाने. रागाला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी थोआने नखांच्या पार्लरांमधल्या रसायनांवर तीन भागांची बातमी केली. कामगार बायकांची फुप्फुसं कशी जातात, मालक खिडक्या कशा बंद ठेवतात, सगळं नावानिशी. त्यांतल्या एका पार्लरमध्ये तुयेत कामाला होती. महिनाभरात ते बंद पडलं आणि अकरा वर्षांची नोकरी गेली. वर्षभर दोघी बोलल्या नाहीत. वर्षाच्या शेवटी तुयेतच्या लक्षात आलं की आपला खोकला थांबलाय. ते तिने नणंदेला अजून सांगितलेलं नव्हतं.

क्वांग आला तो घड्याळ बघतच.

थोआने हात पुसले आणि फोनवरचा एक फोटो पुढे केला. छापील तक्ता होता. नावं, तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे सही. क्वांगला आधी काही कळलं नाही. मग त्याने फोटो मोठा केला, आणि त्याला आपल्या शाळेच्या वहीवरचं नाव आठवलं. वळणदार, उजवीकडे किंचित झुकलेलं, गाठी अगदी गोल, नावांवरची सगळी चिन्हं जागच्या जागी. फ्रेंच नन्सच्या शाळेत जांभळ्या शाईने गिरवलेलं अक्षर. असं अक्षर असलेली या गावात दुसरी बाई नव्हती.

“हे आईचं आहे,” तो म्हणाला.

“माहितीये.”

मग तिने सांगितलं. गेले आठ महिने ती ‘चार ऋतू’वर काम करत होती. ‘चार ऋतू’ म्हणजे न्यानबाई आठवड्यातून चार दिवस जायच्या ते म्हाताऱ्यांचं सेंटर. सकाळी गाडी घ्यायला यायची, तिथे चहा, गाणी, पत्ते, दुपारी भात, चारला परत घरी. त्यापलीकडे सेंटर सरकारला कळवत होतं की या सगळ्यांना रोज फिजिओथेरपी देतात, आणि तिचे पैसे घेत होतं. फिजिओथेरपीची खोली होती, तिच्यात तांदळाची पोती होती. आई तिथे जाते म्हणून ही बातमी आपण करावी की नाही, हे थोआने वरिष्ठांना सुरुवातीलाच विचारलं होतं. आई नुसती जाते, तिचा काही संबंध नाही, तेव्हा कर, असं त्यांनी सांगितलं. शुक्रवारी सेंटरच्या जुन्या ड्रायव्हरने, एफ्राइनने, थेरपीच्या तक्त्यांची पेटी आणून दिली. चाळीस जणांच्या दोन वर्षांच्या सह्या, सगळ्या एकाच हाताच्या. त्यातली एक बाई, हाओ, फेब्रुवारीत वारली होती आणि मेपर्यंत थेरपी घेत होती. थोआची वरिष्ठ मार्शा पेटी बघून हरखली होती. मंगळवारी रात्री बातमी जाणार होती, आणि तोवर हा हात कुणाचा ते शोधायचं होतं.

“तू सांगितलंस मार्शाला?”

“नाही.”

क्वांगचा जीव भांड्यात पडला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, औषधांच्या मात्रा मोजून मोजून त्याचा स्वभावही तसाच झाला होता. तो शांतपणे म्हणाला की मग प्रश्न सोपा आहे. पेटीतली ती पानं काढून घ्यायची. बाकी बातमी खुशाल दाखव. पोती दाखव, मालक दाखव. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“ती पानं काढली तर बातमी उरत नाही, दादा. मेलेल्या बाईला थेरपी, हीच बातमी आहे.”

“मग बातमी सोड.”

“आणि उद्या मार्शाला काय सांगू?”

“ते मला काय विचारतेस? लोकांनी काय सांगायचं ते त्यांना शिकवण्यात तुझी वीस वर्षं गेली.”

हे लागावं म्हणूनच तो बोलला होता, आणि ते लागलं. या दोघांत हे जुनं होतं. नऊ वर्षांची असल्यापासून थोआ सरकारी कचेऱ्यांत आईची दुभाषी. टेबलापलीकडचा माणूस ‘नाही’ म्हणाला की ते आईला सांगायच्या आधी ती त्यालाच विचारायची, का नाही? खिएम लामांना हे आवडायचं आणि त्याची भीतीही वाटायची. सायगावला ते वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचे, आणि इथे आल्यावर आपल्याच लोकांत बातम्या लिहिणाऱ्यांवर गोळ्या झाडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. दोन्ही मुलांनी औषधशास्त्र शिकावं असं त्यांनी हात जोडून सांगितलं. क्वांगने ऐकलं. थोआ फ्रेस्नोला गेली, पहाटे चारला उठून हवामान सांगू लागली, मग ह्यूस्टनला कोळंबीच्या बोटींवर खांद्याला कॅमेरा लावून फिरली, आणि शेवटी लॉस एंजेलिसच्या चॅनेलवर शोधपत्रकार झाली. त्याला आता बारा वर्षं झाली. प्रत्येक बातमीनंतर वडील तिला चुकांची यादी पोस्टाने पाठवायचे. क्वांगने दुकान काढलं तेव्हा त्यांनी एकही चूक काढली नव्हती, आणि हे त्याच्या मनात अजून होतं.

“तू महिन्यातून एकदा फळं घेऊन येतेस,” तो म्हणाला. “बाकीचे एकोणतीस दिवस आई या घरात असते. बाबा गेल्यावर वर्षभर ती पुढच्या खोलीत खिडकीशी बसून होती. दिवसाला चार वाक्यं बोलायची, त्यातली दोन मांजराशी. तुला नाही आठवणार, तू सॅक्रामेंटोला कुणाच्या तरी मागे होतीस. ती गाडी यायला लागली तेव्हा ती परत माणसात आली. आणि आता तिचाच चेहरा तू टीव्हीवर दाखवणार? बाजारात कुणाला तोंड दाखवेल ती?”

थोआ म्हणाली की तिला हे सगळं कळतं.

“कळत असतं तर इथपर्यंत आलीच नसतीस.”

तेवढ्यात अंगणाच्या दाराने फुंगआत्या आत आली. हातात पफ पेस्ट्रीचा खोका, खांद्याला कापडी पिशवी. खिएम लामांची ही धाकटी बहीण. तिथीचं आवतण द्यायचं नसतं, ज्याला आठवतं तो येतो, आणि फुंगआत्याला सगळं आठवायचं. नवरा गेल्यावर ती ‘चार ऋतू’मध्ये कामाला लागली होती. कोण आलं, कोण नाही, गाडी कुठून कुठे फिरवायची, हे सगळं तिच्याकडे.

तिने तिघांचे चेहरे बघितले, मग फोनवरचा तक्ता. खोका शेगडीशेजारी ठेवला.

“एफ्राइनने दिले ना?” ती म्हणाली. “मी मालकाला सांगितलं होतं, ड्रायव्हरला रागावून काढू नका म्हणून.”

क्वांगने विचारलं, हे कागद आईकडे कुणी आणले. आत्याने सांगून टाकलं की तिनेच. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नसावं. सेंटरमधल्या निम्म्या बायकांचे हात थरथरतात, उरलेल्या निम्म्यांना चष्मा सापडत नाही. वहिनींचं अक्षर मोत्यासारखं. दर गुरुवारी पिशवीतून कागद आणायचे, शुक्रवारी घेऊन जायचे.

“आत्या, ती थेरपी कुणी घेतलीच नाही.”

“बाई गं, आपला अख्खा देश गेला तेव्हा कुणी सही मागितली नाही. आता चार म्हाताऱ्यांनी पाय हलवले की नाही, त्यासाठी एवढी चौकशी?” मग आवाज उतरला. “मला अडुसष्ट झाली, थोआ. मला दुसरीकडे कोण ठेवेल?”

क्वांग आत्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. एरवी हे दोघं एकमेकांना पाण्यात बघायचे. आत्या त्याच्या दुकानातून औषधं न घेता मुद्दाम पलीकडच्या चौकात जायची. आज मात्र दोघांनी मिळून ठरवूनच टाकलं. न्यानबाईंना यातलं काही कळता कामा नये, पानं पेटीतून जायला हवीत, आणि थोआने एकदा तरी घरच्यांसाठी गप्प बसावं.

“तू काय म्हणतेस?” क्वांगने बायकोला विचारलं. तो हे क्वचित विचारायचा, आणि उत्तर आपल्या बाजूचं आहे याची खात्री असली तरच.

तुयेतने शेगडीची आच कमी केली.

“मला हे माहीत होतं,” ती म्हणाली. “दर गुरुवारी आई जेवणाच्या टेबलावर तो गठ्ठा घेऊन बसतात. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे.”

“आणि तू विचारलं नाहीस?” थोआ म्हणाली.

“मी विचारणारी नव्हे. विचारणाऱ्या तुम्ही.” मग ती नवऱ्याला म्हणाली, “पानं काढायला सांगू नका त्यांना. पार्लर बंद झालं तेव्हा वर्षभर मी त्यांना शिव्या दिल्या. पण मी आज इथे धुरात उभी आहे आणि खोकत नाहीये.”

क्वांग तिच्याकडे बघतच राहिला. थोआच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कांदाही जवळ नसल्यामुळे ते लपवता आलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी थोआ भावाला सांगत नव्हती. पेटी शुक्रवारी सकाळी दहाला आली. अक्षर तिने पहिल्याच पानावर ओळखलं. त्या क्षणी पुढच्या टेबलावरच्या मार्शाला तीन शब्द सांगायचे होते. एवढी वर्षं तिने दुसऱ्यांना हेच विचारलं होतं: तुम्हाला कधी कळलं, आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत? तिने काय केलं? पेटीला झाकण लावलं, खालून कॉफी आणली, आणि संध्याकाळी पेटी घरी नेली. दोन रात्री ती पेटी तिच्या सोफ्यावर होती. पानं काढायचं क्वांगने सुचवण्याच्या कितीतरी आधी तिने ती एकदा काढून वेगळी ठेवली होती, आणि परत आत घातली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला स्वतःची चीड आली होती, आणि त्याहून जास्त तिला घाबरायला झालं होतं.

घराकडचं दार उघडलं. न्यानबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“उदबत्ती अजून निम्मी आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचे बाबा तिकडे एकटे जेवतायत आणि तुम्ही सगळे इथे. कुणाचं काय चाललंय?”

सगळे एकदम काहीतरी बोलले. आत्या पेस्ट्रीबद्दल, क्वांग गॅसच्या नळीबद्दल. न्यानबाईंनी दोघांना बोलू दिलं. खोटं बोलणाऱ्या पोरांना आधी पूर्ण बोलू द्यायचं, मग विचारायचं, हे त्यांना जुनं ठाऊक होतं. मग त्यांनी हात पुढे केला. थोआने फोन त्यांच्या हातात दिला.

बाकावर बसून त्यांनी गळ्यातला चष्मा लावला. बराच वेळ त्या आपलं अक्षर बघत होत्या.

“हे मेचं पान आहे,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, तुम्हाला इंग्रजी कुठे येतं,” आत्या घाईने म्हणाली. “हजेरी आहे म्हणून मीच तुम्हाला सांगितलं होतं. चूक असेल तर माझी.”

हे म्हणायला फुंगआत्याला किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. क्वांगने मात्र लगेच तो धागा पकडला. बरोबर आहे, तो म्हणाला, आईला फसवलंय. भाषा न येणारी म्हातारी शिक्षिका, विश्वासाने सह्या करत गेली. थोआला तर उलट हे सोन्यासारखं आहे. तिने आईला तसंच दाखवावं, कुणी दोष देणार नाही, लोक हळहळतील. बोलता बोलता त्याचा आवाज मऊ झाला. त्याला ते स्वतःलाच पटत चाललं होतं.

आणि खरं सांगायचं तर थोआलाही ते पटावंसं वाटलं. तिने मनातल्या मनात ती बातमी पाहिलीसुद्धा. आईचा चेहरा, खिडकीतला उजेड, वर आपला आवाज. पानं काढायची गरज नाही, आईची बेअब्रू नाही, आत्याचंही भागेल कसंबसं. फक्त आईने मान हलवायला हवी होती.

“तसंच झालं ना, आई?” तिने विचारलं. असा प्रश्न तिने टीव्हीवर कधी कुणाला विचारला नव्हता. उत्तर आधी हातात देऊन विचारलेला.

न्यानबाईंनी चष्मा काढला.

“फुंगला दोष देऊ नका,” त्या म्हणाल्या. “चौदा वर्षं मी हजेरी घेतलीये. वर्गात कोण आहे आणि कोण नाही, एवढं मला कुठल्याही भाषेत कळतं.”

त्यांनी फोन थोआला परत दिला.

“हाओवर मी माझ्या हाताने माती टाकली. फेब्रुवारीत. दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसायचो, ती गायची आणि मी तिला शब्द सांगायचे. मार्चच्या पहिल्या गुरुवारी तिचं नाव परत कागदावर आलं. मी फुंगला विचारलं. ती म्हणाली, चाळीस नावं असली तर गाडीच्या दोन फेऱ्या. एक कमी झालं की एकच फेरी, आणि ती आपल्या गल्लीत येणार नाही. मग मी सही केली. मार्चमध्ये केली, एप्रिलमध्ये केली, मेमध्ये केली. मला परत त्या खिडकीशी बसायचं नव्हतं.”

फुंगआत्या उपड्या बादलीवर बसून रडायला लागली. क्वांगला काय करावं ते सुचेना. आईला खिडकीचं इतकं भय होतं, आणि ती खिडकी त्याच्या घरातली होती. तो काहीतरी म्हणायला गेला की त्याने तिला सेंटरला रोज स्वतः सोडलं असतं, दुकान उशिरा उघडलं असतं. न्यानबाई म्हणाल्या, “सोडलं असतंस रे. पण मी मागितलं असतं तर ना. मला मागायची लाज वाटली, आणि सही करायची नाही वाटली. बघ कसं असतं माणूस.”

मग त्या लेकीकडे वळल्या. “कधी दाखवणार?”

“मंगळवारी. पण आता मला नाही करता येणार. तू माझी आई आहेस. दुसरं कुणीतरी येईल तुला विचारायला.”

“पोलीस?”

“तेही येतील बहुतेक. मालकासाठी. पण तुला विचारतील. पुढे काय होईल ते मला नाही सांगता येत, आई. काही होणार नाही असं मी म्हणणार नाही.”

न्यानबाईंनी मान हलवली. कुठल्या ब्लाऊजचा रंग टीव्हीवर बरा दिसतो असं त्यांनी विचारलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं, इतक्या त्या शांत होत्या. पण त्यांचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून होते, आणि तुयेतने ते बघितलं. तिने चहाचा कप आणून त्या हातांत दिला.

“येऊ दे जी बाई यायची ती,” न्यानबाई म्हणाल्या. “मी सांगेन. तू मात्र तेव्हा खोलीत थांबू नकोस. परक्यापुढे खरं बोलता येईल मला. तुझ्यापुढे दोनदा नाही जमायचं.”

लोकांनी खरं बोलावं म्हणून थोआ कुणाकुणाच्या दारात तासन्‌तास उभी राहिली होती. बाहेर जा असं शेकडो लोकांनी सांगितलं होतं आणि ती एकदाही गेली नव्हती. “नाही थांबणार,” ती म्हणाली.

तिने तिथेच, शेगडीपाशी उभं राहून मार्शाला फोन लावला. रविवार असल्याने मार्शाने उचलायला वेळ लावला. मागे मुलांचा गोंगाट होता. थोआने सांगितलं की अक्षर कुणाचं ते सापडलं आहे, ते तिच्या आईचं आहे, आई बोलायला तयार आहे, आणि बातमी आता दुसऱ्या कुणाकडे द्यावी. मग गोंगाट बंद झाला, मार्शाने कुठलंतरी दार लावून घेतलं असावं. ती चांगली बाई होती, आणि तिने तोच प्रश्न विचारला जो थोआने तिच्या जागी असताना विचारला असता. तुला हे कधी कळलं?

खोटं अगदी तयार होतं. आत्ताच, जेवायच्या आधी, आईनेच सांगितलं. गॅरेजमधल्या चौघांपैकी कुणीही ते कधी मोडलं नसतं. क्वांग तर तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता, म्हण, म्हण.

“शुक्रवारी,” थोआ इंग्रजीत म्हणाली. “सकाळी दहाला. पेटी उघडली तेव्हाच.”

पलीकडून जे काही सांगितलं गेलं ते तिने ‘हो’ आणि ‘समजलं’ म्हणत ऐकलं. पेटी उद्या सकाळी आठला आणून द्यायची. वकिलांशी बोलणं होईपर्यंत ऑफिसला यायचं नाही. नंतरचं नंतर. फोन ठेवल्यावर तिने हे सगळं आपल्या भाषेत सांगितलं, नोकरी राहील की जाईल माहीत नाही हेसुद्धा. क्वांग म्हणाला, मूर्ख आहेस. पण त्याचा राग गेला होता, आणि तो तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

न्यानबाईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं. वार मात्र येत होते.

“शुक्रवारी कळलं होतं तुला?”

“हो.”

“आणि आज रविवार.”

“हो, आई.”

आईला रागावलेलं ऐकायला थोआ तयार होती. एका अर्थी ती त्याचीच वाट बघत होती. न्यानबाईंनी कप खाली ठेवला आणि तिसरीतल्या पोराची वही तपासताना बघायच्या तसं लेकीकडे नीट बघितलं.

“म्हणजे दोन दिवस तूसुद्धा हाओची हजेरी लावलीस,” त्या म्हणाल्या.

थोआने मान हलवली. न्यानबाई बाकावर थोड्या सरकल्या, आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.